मागचं डावं दार

वहिनीनं मला फक्त डबा आणायला पाठवलं होतं, काका. "त्यांचा डबा गाडीतच राहिला असेल, मागच्या सीटखाली," ती म्हणाली. "माझ्या आईनं दिलेला आहे. तेवढा घेऊन ये." साधं काम. जायचं, राखणदाराकडून चावी घ्यायची, डबा काढायचा आणि परत यायचं.

मी तुमच्या या सीटकव्हरच्या दुकानात कामाला लागल्यापासून तुम्ही विचारताय की सीटच्या फिक्या कापडाला मी डावा हात का लावत नाही, आणि झोपताना खोलीचं दार का लावू देत नाही. आज वीज गेलीय, तुमचं शिवणाचं मशीनही गप्प बसलंय, तर सांगतो. दिवा तिथंच राहू द्या. दारही तसंच राहू द्या.

माझा दादा गाड्यांची दारं दुरुस्त करायचा. इंजिन नाही, ब्रेक नाही, नुसती दारं. तीही जुन्या गाड्यांची. गॅरेजात सगळे त्याला दारवालाच म्हणायचे, आणि मी दारवाल्याचा बारक्या. सातवीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरलेलं नाही, पण तेव्हापासून मी त्याच्या हाताखाली. तो म्हणायचा, नव्या गाडीची चारही दारं एका बटणावर चालतात, मेंढरांसारखी. जुन्या गाडीचं प्रत्येक दार स्वतःच्या डोक्यानं चालतं. काचेखालची ती बारकी खुंटी दाबली की त्या एका दारापुरतं कुलूप लागतं, बाकीच्या तिघांना पत्ताही नसतो. पुढच्या दाराची खुंटी दाबून दार लोटलं तर ती टुणकन वर उडते, चावी आत आणि माणूस बाहेर असं होऊ नये म्हणून. हँडल वर उचलून धरत लावलं तरच खाली राहते. मागच्या दारांना तेवढी दया नाही. खुंटी दाबा, दार लोटा, लागलं कुलूप.

मागच्या दारांना आणखी एक गोष्ट असते. दार उघडलं की त्याच्या कडेला, कुलपाच्या खाली, एका खाचेत नखाएवढा खटका दिसतो. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून दिलेला. तो पाडला की आतलं हँडल नुसतं हलतं, दार उघडत नाही. खुंटी वर असली तरी नाही. कोणीतरी बाहेरूनच उघडावं लागतं.

त्या खटक्यावर आमचा एक खेळ होता.

मी नवा होतो तेव्हा माझ्या हातून एका गाडीची काच फुटली. मालकांना मी सांगितलं, पत्र्यावरून मांजर पडलं. दादानं ऐकलं. थोड्या वेळानं मला म्हणाला, "बारक्या, त्या गाडीत मागं बस आणि आतून हँडल ओढून बघ जरा." मी बसलो. त्यानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. मी ओढतोय, ओढतोय, दार ढिम्म.

"दादा, उघड ना!"

"दादा कोण? मी ड्रायव्हर. साहेबांनी काय केलं ते आधी सांगावं. मग म्हणावं, ड्रायव्हरसाहेब, दार उघडा."

"मांजर पडलं रे..."

"मांजराला विचारून आलो. ते नाही म्हणतंय."

शेवटी मी रडत रडत खरं सांगितलं, ते शब्दही म्हटले. दार उघडलं. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "मला खरं सांगायचं," तो म्हणाला. "जगाला काय सांगायचं ते मी बघतो." आणि सरळ मालकांकडं जाऊन म्हणाला, काच माझ्याकडून फुटली. शिव्या त्यानं खाल्ल्या. मी दाराआडून ऐकत उभा होतो.

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. संधी मिळाली की खटका पाडायचा आणि दुसऱ्याला मागं कोंडायचं. कोंडलेल्यानं आधी एखादी चूक कबूल करायची, मग ड्रायव्हरसाहेबांची विनवणी करायची. एकदा मी त्याला कोंडलं तर म्हणाला, "कबूल करतो, तुझ्या वहिनीनं तुझ्यासाठी ठेवलेलं काल मीच खाल्लं." वहिनी चहा घेऊन आली होती, तिनं ऐकलं. दार उघडल्यावर तो पुन्हा आत जाऊन बसला. म्हणाला, इथंच बरं आहे.

दादा गेला तो दिवसही हसण्याचाच होता.

एक जुनी लांबलचक गाडी आली होती. पूर्वी कोणत्यातरी हॉटेलात पाहुण्यांना आणायला-सोडायला असायची. ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामधे छतापर्यंत काचेची भिंत. मागच्या खिडक्या एसी बसवताना कायमच्या बंद करून टाकलेल्या. तिच्या मागच्या डाव्या दाराचं कुलूप दादानं नव्यानं बसवलं होतं. आत सळ्या असतात, त्या छोट्या क्लिपांनी अडकवलेल्या. क्लिप सैल राहिली तर सळी खडखडते, आणि एक दिवस हँडल ओढलं तरी दार उघडत नाही. म्हणून दादाची एक पद्धत होती. काम झालं की गाडी मला चालवायला सांगायचा, मुद्दाम खराब रस्त्यानं, आणि स्वतः मागं बसून दाराला कान लावायचा. डोळे मिटून, डॉक्टरसारखा. "जरा खड्ड्यात घाल," म्हणायचा. जगात दुसऱ्या कोणाचा भाऊ असं म्हणत नसेल.

आम्ही कालव्याच्या काठानं निघालो. वाटेत त्यानं थांबायला सांगितलं, उतरून लघवीला गेला. परत आला तेव्हा मी दार उघडून अदबीनं उभा. "या साहेब," म्हटलं. तो हसत आत बसला. मी अंगठ्यानं खटका पाडला आणि दार लावलं. त्याच्याच पद्धतीनं लावलं. दादा दार कधी आपटायचा नाही. जुन्या दाराचं कुलूप दोन दातांवर बसतं. तो आधी दार पहिल्या दातावर टेकवायचा, टक्, आणि मग कमरेनं हलकंच दाबायचा, टक्. डोळे बांधून सांगितलं असतं, हे दार दादानं लावलं.

पुढच्या वळणावर चहाची टपरी होती. तिथं थांबायचं आणि हा हँडल ओढताना कसा दिसतो ते बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात. तो चेहरा चुकू नये म्हणून मी मधला आरसा त्याच्याकडं वळवला. रस्त्याकडं नव्हतो बघत मी, काका. आरशात बघत होतो. तो डोळे मिटून दाराला कान लावून बसला होता, ओठावर थोडं हसू. क्लिप नीट बसली होती. खडखड अजिबात नव्हती. म्हणून हसत होता.

वळणावर चाक काठावरून घसरलं.

माझी काच उघडी होती. मी कसा बाहेर पडलो ते मला आठवत नाही. गाडी नाकावर बुडत गेली आणि उजव्या कुशीवर कलून काठाच्या चिखलात टेकली. उजवी दारं चिखलात. वर राहिलं डावं. मी त्या दाराला लोंबकळत काचेवर बुक्क्या मारत होतो. आत पाणी चढत होतं, आणि दादा... दादा शांत होता. त्यानं तळहात वर केला. थांब.

कारण त्याला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना तो सांगायचा, गाडी पाण्यात गेली तर दाराशी झटायचं नाही. बाहेरचं पाणी दार दाबून धरतं. घाबरायचं नाही, आत पाणी भरू द्यायचं. पूर्ण भरलं की दोन्हीकडचा जोर सारखा होतो आणि दार आपोआप उघडल्यासारखं उघडतं. तो तेच करत होता. छताशी तोंड नेऊन त्यानं शेवटचा श्वास घेतला, खाली आला, खुंटी वर आहे ना ते बोटानं चाचपलं, आणि हँडल ओढलं.

पुन्हा ओढलं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. गढूळ पाण्यातून, काचेला तोंड लावून. त्याचे ओठ हलले. आवाज कुठला येणार? पण ते शब्द मी ओळखले. त्याला खटका आठवला होता. आणि मला तेव्हाच आठवला.

बाहेरचं हँडल माझ्या हातापासून एवढ्यावर होतं, काका. एवढ्यावर. पण माझा श्वास संपला. मी वर आलो. काठाची फरशी धरली. एक श्वास घेऊन परत खाली जायचं होतं. घेतला. पण फरशी धरलेला हात सुटेना. मी लोकांना सांगितलं की मी पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. मी एकही मारली नाही.

गाडी क्रेननं वर काढली. कोणीतरी बाहेरून हँडल ओढलं आणि दार उघडलं. सहज. खटका बघायचं कोणाला सुचणार? त्या रात्री वहिनीनं मला विचारलं, "तू तिथं होतास. दार का नाही उघडलं?"

माझ्या तोंडून निघालं, "क्लिप नीट बसली नसेल."

असं म्हणालो मी. दादाच्या हाताला म्हणालो. ते एक वाक्य गॅरेजभर फिरलं. दारवाल्याला त्याच्याच दारानं खाल्लं, म्हणायला लागले लोक. वाईट वाटून म्हणायचे, पण म्हणायचे. वहिनीनं त्याची हत्यारांची पेटी पलंगाच्या उशाशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती पेटी जिन्याखाली गेली. जाता-येता ती तिकडं बघेना. आपल्या नवऱ्याच्या हातच्या कामानंच त्याला नेलं, असं तिला वाटायला लागलं, आणि ते माझ्यामुळं. मी रोज तिच्या हातचं जेवत होतो आणि रोज गप्प होतो.

मग गाडीच्या मालकानं तपासनीस बोलावला. तो दुसऱ्या दिवशी येऊन सगळी दारं उघडून बघणार होता. म्हणजे खटका दिसणार. आणि नेमकं त्याच दिवशी वहिनी म्हणाली, डबा घेऊन ये. मी लगेच उठलो. डब्यासाठी नाही. खटका वर करायला.

ऐन दुपार होती. भुतं रात्री येतात म्हणतात. मला दुपारी वाटलंसुद्धा नाही की भ्यायला हवं.

गाडी ठेवली होती त्या भंगारच्या वाड्यात मोडक्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. पत्रे तापून बारीक कडकड वाजत होते. तापलेल्या रबराचा वास. राखणदार सावलीत पाय पसरून बसला होता.

"ती लांबडी गाडी का?" चावी देत तो म्हणाला. "ने बाबा. नाहीतरी मी वैतागलोय तिला. आतला कुबट वास जावा म्हणून रोज सकाळी सगळी दारं सताड उघडतो. दुपारी बघावं तर बंद. नुसती लोटलेली नाहीत, कुलूप लागलेलं. वाऱ्यानं खुंट्या खाली पडतात का रे?"

"जुनी स्प्रिंग असते," मी म्हटलं. "उन्हानं सैल पडते." दादासारखंच ऐटीत सांगितलं मी. अशी कुठली स्प्रिंग नसते.

"तीनच दारं हं पण. मागचं डावं तेवढं कुलूप लावून घेत नाही. लाजतं बहुतेक." तो स्वतःशीच हसला आणि डोक्यावर फडकं ओढून आडवा झाला.

गाडी कुंपणाच्या टोकाला होती. तिच्या काचा आतून घामेजल्या होत्या. बाहेर रखरखीत ऊन, पाण्यातून काढून कितीतरी दिवस झालेले, आणि आतल्या काचेवरून थेंब ओघळत होते. उरलेलं पाणी असेल, मी स्वतःला म्हटलं. तीन खुंट्या खाली. मागची डावी वर.

मी बाहेरचं हँडल ओढलं. दार लोण्यासारखं उघडलं. दादाचं काम. दाराच्या कडेला खटका पडलेलाच होता, मी पाडला होता तसा. खाचेत कालव्याची माती भरून सुकली होती. स्क्रू-ड्रायव्हर आणला नव्हता. डाव्या अंगठ्याचं नख घातलं आणि जोर लावला. माती खरकन फुटली, नखात गेली, आणि खटका वर बसला. टिक्.

झालं होतं. एवढ्यावर निघायला हवं होतं. पण डबा राहिला होता. पलीकडच्या बाजूला, सीटखाली सरकलेला, त्याचं कडं चमकत होतं. मी गुडघ्यावर आत शिरलो. दाराला एखादी वीट लावावी एवढीही अक्कल मला नाही. आयुष्यात कधी नव्हती. हात लांबवला, कडं बोटाला लागलं.

मागं आवाज झाला. टक्.

मी तसाच थांबलो.

...टक्.

दार आपटलं नव्हतं. आधी पहिला दात, मग दुसरा. हलकेच. कमरेनं दाबल्यासारखं.

मी वळलो. बाहेर कोणी नव्हतं. घामेजलेल्या काचेतून नुसतं पांढरं ऊन. मग पुढच्या उजव्या दाराची खुंटी वर आली, आणि पुन्हा खाली गेली. मग पुढची डावी. मग माझ्या शेजारची, मागची उजवी. तपासून बघावं तशी, एकामागून एक. या गाडीत एका दाराचा दुसऱ्याशी संबंध नाही. तार नाही, नळी नाही, काही नाही. मी स्वतः आतून बघितलं होतं.

मागची डावी खुंटी वरच राहिली. दार उघडं आहे, असं दाखवत.

मी हँडल ओढलं.

ते रिकामं हललं.

पुन्हा ओढलं. खटका मी वर केला होता, काका. याच अंगठ्यानं. टिक् ऐकलं होतं. तरी हँडल हातात नुसतं लटकत होतं, मेलेल्या बोटासारखं. मी खांद्यानं धडक मारली, लाथा घातल्या, राखणदाराच्या नावानं ओरडलो. माझाच आवाज काचेच्या भिंतीवर आपटून परत आला. आत गरम व्हायला हवं होतं. गार होत होतं. पायाखालची चटई पचपचली. मी खाली बघितलं नाही. कालव्याचा वास येत होता, शेवाळाचा, आणि त्याखाली दादाच्या हाताला असायचा तसा ग्रीसचा.

मग माझं लक्ष मधल्या आरशाकडं गेलं. मी वळवला होता तसाच होता. त्यात दुसरं कोणी नव्हतं. फक्त मी होतो. त्या दिवशी जिथं त्याचा चेहरा होता तिथं आता माझा होता, आणि ड्रायव्हरच्या जागेवरून मी त्याच्याकडं जसा बघत होतो, तसंच कोणीतरी माझ्याकडं बघतंय, असं वाटत होतं.

"ड्रायव्हरसाहेब..." मी म्हटलं. "ड्रायव्हरसाहेब... दार उघडा."

काही नाही. पोटऱ्यांना गार लागत होतं.

"दादा, उघड ना..."

बाहेरून दाराला काहीतरी टेकलं. जड. पाठ टेकावी तसं. दार त्या वजनानं थोडंसं कुरकुरलं. आणि मला कळलं, मी उलटं केलं होतं. आधी काय केलं ते सांगायचं असतं.

"क्लिप नीट होती," मी म्हटलं. "तुझी क्लिप नीट होती, दादा... खटका मी पाडला होता... मी आरशात बघत होतो, रस्त्याकडं नाही... तुझे ओठ मी ओळखले होते. मला हँडल दिसत होतं... मी परत खाली आलोच नाही. भ्यालो. एक श्वास घेतला आणि भ्यालो... आणि वहिनीला सांगितलं की तुझ्या हातानं..."

बराच वेळ काही झालं नाही. दारावरचं वजन तसंच होतं. मग ते हललं.

"ड्रायव्हरसाहेब," मी म्हटलं, "दार उघडा."

बाहेरचं हँडल वर उचललं गेल्याचा आवाज मी ऐकला. दार उघडलं आणि ऊन माझ्या तोंडावर आलं. बाहेरच्या धुळीत पावलं होती, फक्त माझी, येतानाची. आतली चटई कोरडी ठणठणीत होती. माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली.

खटका मी बघितला. वर होता. मी डबा घेतला आणि पळालो. पण पळताना एवढं ठरलं होतं, की उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. वहिनीसमोर.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. तपासनीस, आमचे मालक, गाडीचा मालक, वहिनी. तपासनिसानं अजून बॅग उघडली नव्हती तोवर मी बोलून टाकलं. खेळ, खटका, आरसा, श्वास, सगळं. आणि हेही, की काल येऊन खटका मीच वर केला. वहिनीकडं बघायची हिंमत झाली नाही. तिच्या हातातल्या पिशवीचा बंद तेवढा दिसत होता. तो ती बोटाला गुंडाळत होती.

तपासनीस बरा माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं, मागचं डावं दार उघडलं, खाचेत बॅटरी मारली. बराच वेळ वाकून बघितलं.

"काल वर केलास म्हणतोस?"

"हो."

"ये, बघ."

मी बघितलं. खटका वर होता. आणि त्याच्याभोवती खाचेत कालव्याची माती होती. काठोकाठ, सुकलेली, तळ्याच्या तळासारखी भेगा पडलेली. कुठंही खरवडल्याची खूण नाही.

"ही माती गाडी बुडाली तेव्हा बसली," तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "तेव्हापासून या खटक्याला कोणी हात लावलेला नाही. म्हणजे बुडतानाही तो वरच होता. तू पाडला नव्हतास."

"पाडला होता! काल याच नखानं मी..."

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोराच्या मनावर परिणाम झालाय," ते हळूच म्हणाले. "भाऊ गेला की माणूस स्वतःलाच धरून मारतो."

तपासनिसानं दाराचं आतलं आवरण काढलं. दादाची क्लिप जिथल्या तिथं होती, घट्ट. सळी सरळ. मग तो आत बसला, दार लावून घेतलं, आतलं हँडल ओढलं. दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "काम फार सुंदर केलंय," तो म्हणाला. "या दारानं न उघडावं असं काही कारण मला सापडत नाही." कागदावरही त्यानं तेच लिहिलं.

म्हणजे दादाच्या हातावरचा ठपका सुटला, आणि माझ्याही. "मला खरं सांगायचं, जगाला काय सांगायचं ते मी बघतो," दादा म्हणाला होता. मी त्या उघड्या दारापाशी उभा होतो आणि मला पुन्हा मालकांच्या शिव्या ऐकू येत होत्या, त्या काचेसाठीच्या, मी दाराआडून ऐकलेल्या.

वहिनी वाटेत माझ्या पुढं चालत राहिली. घरी आल्यावर तिनं जिन्याखालची पेटी उचलून आत आणली, पदरानं पुसली, उशाशी ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठल्या नखानं?"

मी डावा हात पुढं केला. तिनं अंगठा दिव्याखाली धरला. नखात करडी माती होती. आदल्या दिवसापासून मी ती किती वेळा धुतली होती. तिनं बोट लावून बघितलं, आणि माझा हात सोडून दिला. हळू सोडला, झिडकारला नाही.

"तुला डबा भरून देत जाईन," ती म्हणाली. "ताट वाढायला सांगू नकोस. मला जमणार नाही."

सकाळी तिनं त्याच डब्यात भरून दिलं. तो घेऊन मी निघालो तो इथं आलो. फळीवर आहे तोच.

आता हा दिवा जरा इकडं घ्या. हा अंगठा. मी साबणानं धुतो, तुमच्याकडच्या शिवणाच्या टोच्यानं खरवडतो, ब्रशनं घासतो. घाबरू नका, बोट लावून बघा. ओली आहे ना? इतक्या दिवसांनी ओली आहे. आणि वास घेऊन बघा, नको... राहू द्या.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नाही. इथं आलो तेव्हा ती नखाच्या टोकाशी होती, बारीक रेघ. आज बघा कुठंवर आलीय. अर्ध्याच्या वर. खरवडली तरी थांबत नाही, रोज थोडी चढते.

दादा म्हणायचा, घाबरायचं नाही. पूर्ण भरू द्यायचं.